मेंढरं मेंढरंच वाटली, यात चुकलं काय?

पत्र

मॅडम, मी बार्शीला असते. वय ३९, पतसंस्थेत नोकरी. पदवीनंतर सतरा वर्षांनी बाहेरून मराठीत एम. ए. करायला घेतलंय. शिवाय आमचा नऊ जणांचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका कादंबरीवर बोलतो. गेल्या वेळी 'बनगरवाडी' होती. आमच्यातले एक निवृत्त काका पानोपानी प्रतीकं काढून दाखवतात. 'मेंढरं म्हणजे पिचलेली जनता,' असं ते म्हणाले. मी म्हटलं, 'मला तर मेंढरं मेंढरंच वाटली.' सगळे हसले. घरी येऊन पेन्सिल घेऊन पुन्हा बसले, दहावीला शिकलेले अलंकार शोधायला लागले. तीन पानांत दोन उपमा सापडल्या आणि डुलकी लागली. परीक्षेत 'कादंबरीची वाङ्मयीन वैशिष्ट्ये' हा प्रश्न ठरलेला. मला गोष्ट दिसते, माणसं दिसतात, रडूही येतं. पण लेखकानं नेमकं काय केलं ते दिसत नाही. पुढच्या महिन्यात 'कोसला' आहे. माझ्यातच काही कमी आहे का?

— नऊ जणांतली एक

उत्तर

प्रिय नऊ जणांतली,

मेंढरं मेंढरंच आहेत. आधी ते मिटवू, मग बाकीचं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. माणदेशातली धनगरांची वाडी, मेंढरांवर जगणारी. पाऊस गेला की चारा जातो, चारा गेला की मेंढरं जातात आणि मेंढरं गेली की माणसाला वाडीत थांबायला कारण उरत नाही. कादंबरीचा शेवट या रोकड्या हिशोबावर उभा आहे. आता मेंढरांच्या जागी 'पिचलेली जनता' ठेवून बघा. दुष्काळ एकदम पुठ्ठ्याचा होतो, नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखा. तुम्ही बार्शीच्या. रस्त्यानं कळप चालला की गाडी बाजूला घेऊन थांबणाऱ्या. ती धूळ, तो लोकरीचा वास, मागून काठी घेऊन येणारं पोर हे सगळं तुम्हाला आधी दिसलं, म्हणून तुम्हाला शेवटी रडू आलं. काका त्याच्यावरून उडी मारून थेट अर्थावर गेले. त्यांना रडू आलं का, ते एकदा विचारा.

पण 'मेंढरंच आहेत' इथं थांबून भागणार नाही, आणि तुम्हाला थांबायचंही नाहीये, नाहीतर हे पत्र आलं नसतं. तेव्हा तुमच्या पेन्सिलीकडे वळू.

ती पेन्सिल चुकीच्या गोष्टी शोधत होती. दहावीचं अलंकारांचं प्रकरण कवितेच्या ओळीसाठी बेतलेलं. 'सारखा, परी, सम' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. गुणांपुरतं छान. ही चाळणी घेऊन आपण दोनशे पानांच्या कादंबरीकडे जातो आणि हाती दोन उपमा लागल्या की हिरमुसतो. कादंबरीतली कारागिरी ओळीत कमी आणि ओळी-ओळींच्या मधे जास्त असते. कोण सांगतंय, कधी सांगतंय, काय सांगायचं टाळतंय, कोणती वस्तू पुन्हा पुन्हा आणून ठेवतंय, कुठे सहा महिने एका वाक्यात उडवतंय आणि कुठे पाच मिनिटांना दहा पानं देतंय. यातल्या कशालाच 'जणू' लागत नाही. म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

मी स्वतः सुरुवात नेहमी 'कोण सांगतंय' इथून करते. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

'बनगरवाडी' वाडीवरचा कुणी धनगर सांगत नाही. बाहेरून आलेला तरुण मास्तर सांगतो. माडगूळकरांनी हे ठरवलंय आणि पुस्तकातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. मास्तराला वाडीतलं काही ठाऊक नाही, त्यामुळे जे त्याला कळत जातं तेच आणि त्याच वेगानं आपल्याला कळतं. कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, हे आधी सांगून टाकायची सोयच नाही. आता भाषा बघा. मास्तराचं निवेदन प्रमाण मराठीत आणि वाडीची माणसं बोलतात माणदेशी. दोघांमधलं अंतर लेखकानं कुठे समजावून सांगितलेलं नाही. प्रत्येक संवादात ते तुमच्या कानावर पडत राहतं. याच्या शेजारी आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) ठेवा. तिथं शेतावरचा गडी नारबा स्वतःच सांगतो, त्याच्याच बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ट्रॅक्टर येतो आणि जनावरांची गरज सरते, तेव्हा आपण त्याच्या शेजारी उभे राहून बघत नसतो, त्याच्या आत असतो. आणि शीर्षकाकडे पुन्हा पाहिलं की कळतं, या माणसाचा गोतावळा म्हणजे ती जनावरंच. खेडं दोन्हीकडे आहे, जनावरं दोन्हीकडे आहेत. तोंड बदललं आणि कादंबरीची जातच बदलली.

हे एकदा लक्षात आलं की जुनी, शंभरदा ऐकलेली पुस्तकंही नव्यानं उघडतात. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. लिहिणारा पुरुष, पण सांगणारी यमू. लहान असताना तिला घरात काय चाललंय ते पुरतं कळत नाही, आपल्याला कळतं. ती भाबडेपणानं एखादी गोष्ट सांगून पुढे जाते आणि आपण मागे थबकतो. सांगणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याला जास्त कळावं, अशी ही मांडणी आहे. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) तिघं बोलतात: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. प्रत्येकाला आपापली बाजू मांडायचीय, म्हणजे तीन वकील आणि न्यायाधीश तुम्ही. पण कचाला स्वतःचं निवेदन नाही. तो कायम दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतो आणि म्हणूनच इतका स्वच्छ राहतो, असं माझं मत. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) सहा जण बोलतात आणि शेवटचं बोलणं श्रीकृष्णाचं. का? एक अगदी व्यावहारिक कारण बघा: कर्ण स्वतःचं मरण स्वतः कसं सांगणार? 'मी मेलो' म्हणायला कोण उरतं? मग दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गोष्ट द्यावी लागते. ती त्याच्या विरुद्ध पक्षात उभ्या असलेल्याच्या हाती दिली, ही लेखकाची निवड. अडचणीतून वाट काढताना लेखकानं जे निवडलं, ते म्हणजे साधन. नाव काहीही द्या.

आता थोडं जवळून बघू. खालचा परिच्छेद मी या उत्तरासाठी रचलाय, कुठल्या पुस्तकात शोधू नका.

*बापूंची सायकल पडवीत होती. पावसाळा आला तशी आईनं तिच्यावर गोणपाट टाकलं. गौरी आल्या, गौरी गेल्या. दिवाळीत आईनं पडवी सारवली, सायकल होती तेवढी जागा सोडून.*

यात उपमा नाही, रूपक नाही, 'जणू' नाही. दहावीच्या चाळणीतून काहीच खाली पडणार नाही. तरी शेवटच्या पाच शब्दांवर तुमचं काहीतरी झालं असेल, असा माझा अंदाज. झालं असेल तर तिथं बोट ठेवा आणि मागे चालत जा.

बापू कुठे आहेत? सांगितलेलंच नाही. मेले, पळाले, तुरुंगात आहेत, मुंबईला गिरणीत आहेत, काहीही असू शकतं. चार वाक्यांत बापूंच्या नावावर एकही क्रियापद नाही. जी क्रिया आहे ती आईची: टाकलं, सारवली. माणूस नाही हे क्रियापदांच्या वाटणीतून कळलं. 'गौरी आल्या, गौरी गेल्या' या चार शब्दांत महिने गेले. पण 'तीन महिने झाले' म्हटलं असतं तर नुसता काळ गेला असता. गौरीच्या वेळी घरात माणसं लागतात, मखर लागतं, बाजारहाट लागतो. तो सण 'आल्या, गेल्या'त उरकला, म्हणजे घरात काय होतं ते समजा. सांगणारं कोण? 'आई' म्हणणारं, म्हणजे लेकरू. ते काहीच विचारत नाही. विचारायचं नाही, हे त्याला कळलेलं आहे. आणि ती सोडलेली जागा. सारवायला सायकल दोन मिनिटं उचलून बाहेर ठेवता आली असती. आईनं उचलली नाही.

आता तेच असं लिहा: 'बापू गेल्यापासून आई त्यांची वाट पाहत उदास असे.' माहिती पोचली, अगदी जास्तच पोचली. बोट ठेवायला जागा मात्र राहिली नाही. हा खेळ घरी कुठल्याही परिच्छेदावर खेळता येतो: तेच सरळ सांगून बघायचं आणि काय गमावलं ते मोजायचं. जे गमावलं, ते लेखकानं ज्या करामतीनं मिळवलं होतं ती करामत सापडली.

तुमचे काका या परिच्छेदाचं काय करतील ते मला दिसतंय. 'सायकलची दोन चाकं म्हणजे संसार, एक चाक निखळलं!' चाकांचा उल्लेखच नाहीये हो. सायकल इथं प्रतीक होऊ लागलीय, हे खरं. पण ती दोन चाकांमुळे नव्हे. ती परत आली म्हणून, दर वेळी आईनं तिच्याशी काहीतरी केलं म्हणून आणि दुसऱ्या वेळी ते करणं पहिल्याहून वेडं होतं म्हणून. वस्तू एकदा आली तर ती वस्तू. पुन्हा आली, बदललेल्या परिस्थितीत आली, तर कान टवकारायचे. प्रतीकाचा पुरावा पुस्तकातच मिळायला हवा, आपल्या सुभाषितांच्या वहीत नव्हे.

मी काकांना हसतेय खरी, पण माझीही एक प्रत कपाटात आहे, विशीतली. कोकणातल्या एका कादंबरीच्या समासात, धो धो पावसाच्या वर्णनाशेजारी मी हिरव्या शाईनं लिहिलंय, 'प्रतीक!!' दोन उद्गारचिन्हं. आषाढातलं कोकण आहे, पाऊस पडणार नाही तर काय होईल?

याच्या उलट एक चकवा भाषेतच असतो. आपली रोजची मराठी मेलेल्या रूपकांनी भरलेली आहे. पोटात गोळा येतो, डोक्यावर डोंगर कोसळतो, पायाखालची वाळू सरकते. कादंबरीत हे दिसलं की विद्यार्थी लगेच अधोरेखित करतात. सोडून द्या, तो वाक्प्रचार आहे, लेखकाची कमाई नाही. पण एखादा लेखक मेलेलं रूपक उठवून बसवतो. समजा, नदीकाठी वाळू उपसणाऱ्या मजुराच्या तोंडी 'पायाखालची वाळू सरकली' आलं, तर मात्र थांबा. तिथं वाळू खरी आहे आणि खरोखर सरकतेय.

अभिधा, लक्षणा, व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, लाक्षणिक अर्थ आणि सुचवलेला अर्थ, तुम्हाला एम. ए.ला भेटतीलच. ही नावं ऐकून घाबरू नका. त्यातली तिसरी तर कादंबरीवाचकाच्या रोजच्या कामाची. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाशा'त एक झकास उदाहरण आहे: 'सूर्य मावळला.' एवढंच वाक्य. सेनापतीला सांगितलं तर अर्थ, हल्ल्याची वेळ झाली. गुराख्याला सांगितलं तर, गुरं घरी आणा. प्रियकराकडे जायच्या तयारीत असलेलीला सांगितलं तर, नीघ आता. कुणाला संध्येची आठवण. वाक्यात अलंकार शून्य, अर्थ ढीगभर. कुणी, कुणाला, कुठल्या क्षणी म्हटलं त्यावर सगळं ठरतं. कादंबरी वाचताना एखादं साधंसुधं वाक्य फार वजनदार वाटलं की हेच विचारायचं: हे कोण कुणाला म्हणतंय, आणि ऐकणारा काय ऐकतोय? बेडेकरांच्या 'रणांगण'चं (१९३९) शीर्षकच घ्या. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या राज्यातून बाहेर पडलेले ज्यू, आणि त्यात एक प्रेमकहाणी. या गोष्टीला लेखकानं नाव दिलं रणांगण. बोटीवर लढाई कुठे आहे, हे शोधत शोधतच तुम्ही ती कादंबरी वाचता. एका शब्दानं वाचणाऱ्याला कामाला लावलं.

आता कामाची पद्धत. पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय. हे मी हट्टानं सांगते. पहिल्या वाचनात तुम्ही रडायचं, कंटाळायचं, पानं गाळायची, रात्री दोनपर्यंत जागायचं. तोच तुमचा कच्चा माल. तो नसेल तर दुसऱ्या वाचनात तपासणार काय? जिथं काहीतरी झालं तिथं बसचं जुनं तिकीट, वाणसामानाच्या यादीचा कपटा, काहीही खुणेला घाला. पुस्तक वाचनालयाचं असेल तर फक्त तेवढंच, कृपा करून.

दुसऱ्यांदा सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. खुणेची पानं, पहिलं पान आणि शेवटचं पान वाचा. पहिलं आणि शेवटचं लागोपाठ वाचण्यात फार मजा असते, ती कुणी करत नाही. 'बनगरवाडी'त सुरुवातीला मास्तराला शाळेसाठी मुलं गोळा करावी लागतात. शेवटाकडे मुलंच काय, वाडीच ओस पडलेली असते. हे दोन रिकामेपण एकमेकांसमोर ठेवले की मधली भरलेली वाडी, तिथली तालीम, भांडणं, लग्नं, सगळं वेगळ्या उजेडात दिसायला लागतं. इथं तुम्हाला अलंकार सापडला नाही, रचना सापडली. ती जास्त मोठी गोष्ट.

वही दोन बाजूंनी वापरा. डाव्या पानावर पान क्रमांक आणि तिथं काय लिहिलंय ते, उजव्या पानावर माझं काय झालं ते. 'इथं राग आला.' 'इथं कंटाळा, का?' कंटाळ्याचीही नोंद करा, तोही कधी कधी लेखकानं मुद्दाम दिलेला असतो. साधनाचं नाव सगळ्यात शेवटी, तेही आठवलं तर. पूर्वसूचना, निवेदकाचा दृष्टिकोन, उपरोध, संज्ञाप्रवाह ही नावं दुकानातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखी आहेत. चिठ्ठी लावायच्या आधी डब्यात डाळ असू द्या. नेटवर चाळीस-पन्नास साधनांच्या याद्या फिरतात, त्या पाठ करून वाचायला बसलेला माणूस कादंबरी वाचत नाही, हजेरी घेतो.

परीक्षेचं वेगळं काही नाही. पेपर मीही तपासलेत. 'लेखकाने प्रतिमा व प्रतीकांचा प्रभावी वापर केला आहे' हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की डोळे ते आपोआप ओलांडतात. त्याऐवजी एकच जागा घ्या, ती कुठली ते सांगा, तिथं लेखकानं काय केलं ते लिहा आणि त्यानं वाचकाला काय होतं ते लिहा. 'बाहेरचा मास्तर निवेदक केल्यामुळे वाडी आपल्याला हळूहळू कळते' या एका वाक्यावर दीड पान लिहिता येतं, आणि तपासणाऱ्याची झोप उडते. पोपटपंचीला गुण मिळत नाहीत असं मी म्हणणार नाही, मिळतात. पण तुम्ही सतरा वर्षांनी परत आलाय, पोपट व्हायला नक्कीच नाही.

'कोसला'चं सांगते आणि संपवते. १९६३ची, भालचंद्र नेमाड्यांची. पांडुरंग सांगवीकर स्वतःबद्दल सांगतो आणि सांगताना 'उदाहरणार्थ' नि 'वगैरे' हे शब्द जिथं तिथं टाकतो. उदाहरणार्थ कशाचं, हे कळत नाही. वगैरे म्हणजे आणखी काय, तेही नाही. पहिल्यांदा वाचताना तुम्हाला हसू येईल, मग वैताग येईल, मग तुम्हीच घरात तसं बोलायला लागाल. तिन्ही होऊ द्या. मग एक सोपं काम करा. सुरुवातीची दहा पानं घ्या आणि धाकटी बहीण मनी जाते तिथली दहा पानं घ्या. दोन्हीकडे हे दोन शब्द पेन्सिलीनं मोजा, वाक्यांची लांबी बघा, तो कुणाशी बोलतोय ते बघा. आकडे वहीत लिहा. पतसंस्थेत आहात, बेरजेत चुकणार नाही. मग त्या आकड्यांवरून पांडुरंग हे शब्द कशासाठी वापरत होता, ते स्वतःचं स्वतः ठरवा आणि मला कळवा. मी माझं उत्तर मुद्दाम सांगत नाही.

आणि कोसला म्हणजे कोश, रेशमाच्या किड्याचा. तेव्हा काका बैठकीत येताच 'कोश म्हणजे हा समाज' असं म्हणणार, हे धरून चाला. हसू नका त्यांना, तुम्हाला हसले होते तरी. फक्त विचारा, 'काका, कितव्या पानावर?'